दारूगोळा कारखान्यातल्या आजोबांची माहिती काढायची कुठून?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. आजोबा यावल तालुक्यातले, पुण्याला शिकले, दुसऱ्या महायुद्धात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि भुसावळच्या कारखान्यातून निवृत्त झाले. घरात सगळे सांगतात की 'आजोबांनी ब्रेन गन बनवली' (ब्रेन म्हणजे तेव्हाची हलकी मशीनगन), पण कुठल्या पुस्तकात नाव नाही, इंटरनेटवर नाव नाही. ओळखीपाळखीतून काही हाती लागेल का, आणि लागणार असेल तर कुणाला, कसं विचारायचं?

लागेल. जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या घराण्यांचे इतिहास आणि माणसांची चरित्रं जुळवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यात कारखान्यातली माणसं बरीच आली, कारण आपल्याकडे रेल्वे आणि ऑर्डनन्स (शस्त्रं-दारूगोळ्याचे सरकारी कारखाने) या दोन खात्यांनी घरंच्या घरं शेतातून उचलून क्वार्टरमध्ये नेली. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, ऐंशी-नव्वदीची माणसं नसतील. म्हणून माणसं आधी गाठा.

पण त्याआधी 'ब्रेन गन बनवली' हे वाक्य बाजूला ठेवा. या वाक्याने माझीही फजिती केली आहे. सावद्याकडच्या एका गृहस्थांच्या जन्मशताब्दीला घरच्यांनी माझ्याकडून छोटी पुस्तिका लिहून घेतली. त्यांना इथे काका म्हणू. काकांचा पुतण्या ठामपणे म्हणाला की काकांनी खडकीत ब्रेन गन तयार केली, आणि मी ते तसंच छापलं. आठवड्याभरात एका निवृत्त फोरमनचा फोन आला. 'मास्तर, ब्रेन ही मूळची झेक बंदूक. ब्रनो गावचं ब्र आणि इंग्लंडच्या एनफिल्डचं एन. खडकीत काडतूस व्हायचं, बंदूक नाही. तुम्ही शिकवलं काय पोरांना?' म्हातारा बरोबर होता. खडकीचा कारखाना १८६९ चा, आणि तो पहिल्यापासून दारूगोळ्याचा. .३०३ चं एकच काडतूस ली-एनफिल्ड रायफलीत, ब्रेनमध्ये आणि विकर्स मशीनगनमध्येही चालायचं. काका घरी 'ब्रेनची गोळी' म्हणाले असतील, आणि दोन पिढ्यांत गोळी गळून ब्रेन उरली. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींना मी हाताने चिठ्ठ्या डकवल्या. त्यातून एक चांगलं झालं, तो फोरमनच पुढे माझा सगळ्यात मोठा आधार ठरला. चूक छापली की जाणकार आपणहून फोन करतो, हा अनुभव मला नंतरही आला. मुद्दाम चुका करा असं मात्र मी सांगणार नाही.

अशा कारखान्यात कुणी एकटा शस्त्र 'बनवत' नसतो. डिझाइन बाहेरून येतं आणि इंजिनिअर गेज, डाय, भट्टीचं तापमान, नापास मालाची टक्केवारी यांच्याशी झगडत असतो. आजोबांचं मोठेपण कुठे असलं तर इथेच असणार, आणि ते बाहेरच्याला चटकन दिसत नाही. काकांबद्दल मला ते कळलं घोड्याच्या मुतावरून. त्यांच्याबरोबर काम केलेले एक आजोबा सारखे हसत सांगत, 'साहेब नव्या पोराला पहिल्या दिवशी घोड्याच्या मुताची गोष्ट सांगायचे.' मला वाटलं, काहीतरी चावट किस्सा असेल. विचारत गेलो तेव्हा निघालं ते असं. इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की पितळी पुंगळीला मानेपाशी आपोआप चिरा पडायच्या. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना त्यात राहून गेलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पुंगळी तडकते. इंग्लंडातल्या धातुशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये त्याची नीट फोड केली. उपाय साधा: ओढकाम झालं की मानेला बेताची आच द्यायची, म्हणजे ताण निघून जातो. आच कमी पडली तर चीर पडते, जास्त झाली तर मान मऊ पडते. ही गोष्ट नव्या पोराला मुद्दाम सांगणारा माणूस टूल रूमचा किंवा स्टोअरचा नसणार, तो भट्टीशी बांधलेला असणार. पुढे पत्रांत तेच निघालं, काका अनीलिंगवर, म्हणजे आच देण्याच्या कामावर होते. नुसत्या किस्स्यावरून माणसाचा विभाग सापडला. म्हणून म्हाताऱ्यांचे विनोदसुद्धा शब्दशः लिहून घ्या.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. आत्याबाईंच्या नाहीतर मावशीच्या लग्नाची आहेराची वही शोधा. हसू नका. कारखान्याची हजेरीपुस्तकं तुम्हाला कुणी दाखवणार नाही, आहेराची वही मात्र ट्रंकेत, जुन्या पातळाखाली सापडते. काकांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची वही मला मिळाली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाचे डाग. आधी भाऊबंद, मग गावकरी, आणि मधेच एका पानावर अक्षर बदललेलं. तिथे कारखान्यातल्या कुणीतरी लिहायला बसून घेतलं असावं, कारण नावांपुढे गावाऐवजी विभाग होते: 'टूल रूम मंडळी, सव्वापाच रुपये व पितळी डबा', 'इन्स्पेक्शन, दोन रुपये', आणि एका आडनावापुढे फक्त 'कानपूरवाले'. त्या एका पानातून मला एकोणीस नावं मिळाली. त्यातले तिघे हयात होते, सहा जणांची मुलं सापडली. 'कानपूरवाले' म्हणजे काय, तेही कळलं. १९४२ च्या सुमारास जपानच्या धास्तीने कलकत्त्याजवळचं काही शस्त्रनिर्मितीचं काम आत कानपूरकडे हलवलं, तिथे काही महिने पाठवलेली माणसं परत आल्यावरही त्याच नावाने ओळखली जात.

लग्नपत्रिकाही पाहा. जुन्या पत्रिकांत 'आपले नम्र' खाली हुद्दे छापत. समाजाच्या वधू-वर सूचींत शिक्षण, नोकरी, पगार सगळं असतं. वसाहतीतल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका, कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचे अहवाल आणि उत्तरकार्याच्या पत्रिकाही सोडू नका. भिंतीवरचा ग्रुप फोटो फ्रेममधून काढून मागची बाजू बघा. फोटोवाल्याचा शिक्का असतो, कधी शाईत नावंही असतात.

मग माणसं, आणि त्यांत आधी बायका. ज्यांना कारखान्यात पाऊल टाकता आलं नाही, त्यांना कारखाना वासाने ठाऊक असतो. आजी किंवा आजेसासू हयात असतील तर 'आजोबा काय काम करायचे?' असं विचारू नका, 'बंदुकीचं' एवढंच उत्तर येईल. विचारा, कपड्यांना वास कसला यायचा? तेलाचा असेल तर मशीन शॉप. हात, केस, उशीचा अभ्रा पिवळा पडायचा का? तसं असेल तर फिलिंग, म्हणजे स्फोटकं भरायचं काम, कारण टीएनटी आणि टेट्रिल या स्फोटकांनी कातडी पिवळी होते. सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की डोकं ठणकायचं का? तो नायट्रोग्लिसरीनचा गुण, आणि मग निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कॉर्डाइट (नायट्रोग्लिसरीन घातलेली बंदुकीची दारू) कारखान्याची बदली झाली होती का, तेही विचारून घ्या. बूट कसले होते? स्फोटकांच्या इमारतीत लोखंडी खिळ्याचा बूट चालत नाही, काडेपेटी तर गेटवरच काढून घेतात. एका काकूंनी मला सांगितलं, 'हे घरी आले की आधी बिडी मागायचे, नऊ तास ओढलेली नसायची ना.' एवढ्या एका वाक्यातून इमारत कुठली ते कळलं.

शिवाय 'लढाईच्या वेळी' म्हणजे कुठली लढाई, ते उलगडून घ्या. आजीच्या तोंडी महायुद्ध, १९६२, १९६५ आणि १९७१ एकमेकांत मिसळलेले असतात. खिडक्यांना काळे कागद लावल्याची आठवण बहुधा १९६५ किंवा १९७१ ची. ताडून पाहायला सोपी खूण म्हणजे भुसावळचा कारखाना १९४९ चा आणि वरणगावचा, चीनच्या युद्धानंतर उभारलेला, १९६४ चा. 'महायुद्धात वरणगावला होते' असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला खोटं पाडू नका, दोन आठवणी एकमेकींत शिरल्या आहेत एवढंच समजा.

सन कुणालाच आठवत नाही, घटना आठवतात. आपल्याकडे फैजपूरची काँग्रेस म्हणजे डिसेंबर १९३६. नंदुरबारला शिरीषकुमारला गोळी लागली ते सप्टेंबर १९४२. काकांच्या बाबतीत एक म्हातारे म्हणाले, 'मुंबईची गोदी उडाली तेव्हा तो रजेवर गावी होता आणि तार येऊन तडक गेला.' दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जातीच्या आणि पहिल्यांना न ओळखणाऱ्या एका आजी म्हणाल्या, 'चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला ना, तवा तो घरी होता.' मी या दोन वेगळ्या रजा म्हणून लिहून ठेवल्या. चार महिन्यांनी डोक्यात प्रकाश पडला: मुंबईच्या गोदीतला स्फोट आणि चिमठाण्याची खजिना लूट, दोन्ही १४ एप्रिल १९४४ च्या. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकच दिवस सांगत होती. इतका भक्कम पुरावा मला कुठल्या दप्तरातूनही क्वचितच मिळाला आहे.

सहकाऱ्याकडे जाताना एकटे जाऊ नका. ओळख करून देणारा माणूस बरोबर हवा, आणि तो त्यांच्या नात्यातला किंवा वसाहतीतला हवा. पहिल्या भेटीत मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करू नका. चहा घ्या, शेवभाजीचा आग्रह झाला तर जेवा, आजोबांचा फोटो हातात द्या आणि गप्प बसा. ही माणसं आयुष्यभर 'आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही' या शिस्तीत राहिलेली. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ चा, त्याची सही प्रत्येकाच्या डोक्यात आहे. एका आजोबांनी मला पहिल्या भेटीत एवढंच सांगितलं, 'तो भलता गप्प माणूस व्हता, भाऊ. घरमा काहीबी सांगे नही.' आणि ते स्वतःही गप्प. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, बिल्ला नंबर काय होता? नंबर ताडकन आला. मग भोंगा किती वाजता व्हायचा, पहिला पगार किती, सायकल कुठे लावायची, आणि तासाभरात ते स्वतःच खडूने फरशीवर शॉपचा नकाशा काढायला लागले. तो नकाशा मी उतरवून घेतला नाही. फरशीवरच राहू दिला. का, ते पुढे सांगतो.

तुम्ही पुण्यात वाढलात, म्हणून एक सांगून ठेवतो. आपल्या भागात बोलताना अहिराणी किंवा लेवा बोली येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, साधी मराठी चालते. पण समोरचा बोलीत बोलला तर त्याचं वाक्य प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहू नका. 'साहेब कडक होते' आणि 'सायब भलता खट व्हता' यांत फरक आहे. दुसऱ्यात राग आहे, आणि तो राग का होता हा चरित्राचा भाग आहे. कौतुक करणारे पाच भेटले की एक तरी न आवडणारा शोधा. काकांच्या हाताखालच्या एका टर्नरने मला सांगितलं की त्यांनी त्याची बढती अडवली. घरच्यांना ते आवडलं नाही. मी ते ठेवलं, फक्त त्याचं नाव गाळलं.

'इंजिनिअर' या शब्दालाही घाई करू नका. गावात पँट घालून सुटीवर आलेला चार्जमनसुद्धा इंजिनिअर. चार्जमन, फोरमन, असिस्टंट वर्क्स मॅनेजर या पायऱ्या वेगळ्या, आणि त्यांतली खालची पायरी निघाली म्हणून आजोबा लहान होत नाहीत. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा बडोद्याचं कलाभवन, यांपैकी कुठे शिकले ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून शोधत जा. दाखल्यावर जिल्हा 'पूर्व खानदेश' असा असेल. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव हे जिल्ह्याचं नाव १९६० नंतरचं. जळगाव म्हणून शोधाल तर बऱ्याच याद्यांत नाव सापडणारच नाही. महायुद्धात ब्रिटनला शिकायला पाठवलेल्या तंत्रज्ञांची 'बेव्हिन ट्रेनी' ही योजना १९४१ ची. घरात कुणी 'आजोबा विलायतेला सहा महिने होते' म्हणत असेल तर तो धागा सोडू नका.

कागदांचं आता थोडक्यात. पेन्शन पेमेंट ऑर्डर घरातच शोधा. संरक्षण खात्यातल्या मुलकी कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रयागराजच्या (जुन्या अलाहाबादच्या) कार्यालयातून मंजूर होते आणि त्या एका कागदावर शेवटचा हुद्दा, कारखाना, सेवेची वर्षं असतात. जन्माची नोंद कोतवाल बुकात मिळते, तहसीलला अर्ज करा. कारखान्याला पत्र लिहायचं तर जुन्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या कलकत्त्याच्या पत्त्यावर लिहू नका, ते बोर्डच आता नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, तर वरणगाव आणि खडकी पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर 'माझ्या आजोबांचं सेवापुस्तक, वारस म्हणून' एवढंच मागा. उत्पादनाबद्दल एक शब्द जरी घातलात तर सुरक्षेच्या कलमावर बोट ठेवून सगळाच अर्ज परत येतो. माझा एक अर्ज असाच आला, आणि चूक माझीच होती. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ मात्र घरबसल्या चाळा. १८ मार्चला आयुध निर्माणी दिवस असतो, १८०२ मध्ये त्या दिवशी कलकत्त्याच्या काशीपूरला उत्पादन सुरू झालं म्हणून. त्या दिवशी वसाहतीत चक्कर मारलीत तर निवृत्त मंडळी एकत्र भेटण्याची शक्यता मोठी.

आता त्या फरशीवरच्या नकाशाबद्दल. कारखाने चालू आहेत. आजोबांच्या काळातली इमारत आजही तिथे असू शकते, प्रक्रियाही बदललेली नसू शकते. मला माणूस हवा होता, आराखडा नको. ट्रंकेत 'गोपनीय' शिक्क्याचं ड्रॉइंग निघालं तर त्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वकिलाला दाखवा आणि कारखान्याकडे परत द्यायची वाट विचारा.

घरात टेबलावर कागद दाबायला ठेवलेली पितळी पुंगळी असेलच, अशा बहुतेक घरांत असते. आधी ती रिकामीच आहे ना, बूड टोचलेलं आहे ना, ते पाहा. शंका आली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आजोबांची आठवण असली तरी. रिकामी असेल तर बूड उजेडात तिरपं धरा. खडकीच्या .३०३ वर के आणि एफ ही अक्षरं आणि सालाचे दोन आकडे असतात. वरणगावच्या गोळीवर ओ, एफ, व्ही. काकांच्या घरच्या पुंगळीवर ४४ होतं. रोज झाडताना सुनेच्या हाताखालून जाणारी वस्तू, आणि चाळीस वर्षांत तिचं बूड कुणी वाचलं नव्हतं. मान मी भिंगातून पाहिली. चीर नव्हती.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या आत्याबाई एक्याण्णवच्या आहेत आणि फैजपूरला असतात. मग बाकी सगळं राहू द्या, या रविवारी त्यांच्याकडे जा. अल्बम न्या, पण आधीच त्यातले फोटो काढून स्कॅन करू नका, त्यांना पानं उलटू द्या. आहेराच्या वहीचं विचारा. आणि त्या 'मला काही आठवत नाही गं' म्हणाल्या तर लगेच उठू नका, स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवा.